होकार फोनवर, नकार पायी

मुलुंड कॉलनी,
१२ जानेवारी २०२५

आदरणीय बाई,

सादर नमस्कार. तुमचं पार्सल बुधवारी घाटकोपरच्या ऑफिसात पोचलं. वर तुम्ही 'संपादक विभाग' एवढंच लिहिलं होतं, कुणाचं नाव नव्हतं. पण अक्षर बघून शिपायाने ते सरळ माझ्या टेबलावर आणून ठेवलं आणि म्हणाला, "बाईंचं आहे." तुम्हाला निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी आमच्याकडे नुसतं 'बाई' म्हटलं की अजून तुम्हीच.

जाताना तुम्ही मला बजावलं होतं, "घाडी, आता माझ्या घरी यायचं नाही आणि फोनही करायचा नाही. तुम्ही विचारलंत की मी सांगणार, मी सांगितलं की तुम्ही ऐकणार. मग तुमचं डोकं कधी चालायचं?" मी ते पाळलं. मनाला लागलं, पण पाळलं. मात्र पत्राला तुम्ही बंदी घातली नव्हती. ही पळवाट नलिनीने शोधली. माझ्या बायकोचं डोकं अशा वेळी कसं चालतं ते तुम्हाला माहीत आहे. "माणूस नको, फोन नको म्हणाल्या ना? मग पोस्टमन गेला तर त्यांना काय त्रास," म्हणाली.

सध्या कामाचा व्याप फार आहे. दोन पुस्तकं छापखान्यात आहेत, एक अडकलेलं आहे. त्यामुळे तुमचं हस्तलिखित अजून उघडलेलं नाही. तुमचं लिखाण असं घाईत वाचायचं नाही, सवडीने नीट बसून वाचावं म्हणतो. थोडा उशीर झाला तर राग मानू नका.

बाकी सगळं ठीक. लेक बारावीला आहे. श्रुतिकाला वाटतं मी दिवसभर ऑफिसात बसून गोष्टी वाचतो आणि त्याचा पगार घेतो. तिला खोटं कसं म्हणू?

खिडकीतून डोंगर दिसतो. त्याच्या पलीकडच्या पायथ्याशी बोरिवली. सूर्य आमच्याकडून डोंगराआड गेला की मनात येतं, अजून थोडा वेळ बाईंच्या गॅलरीत ऊन असेल.

आपला,
चंद्रप्रकाश घाडीगावकर

ता. क. गोवंडीच्या त्या बालवाडीच्या शिक्षिका पुढे कुठे गेल्या? कविता लिहीत राहिल्या का?


मुलुंड कॉलनी,
२६ जानेवारी २०२५

आदरणीय बाई,

तुमचं पोस्टकार्ड मिळालं. एका ओळीचं. "पार्सल न उघडता गोवंडीपर्यंत कसे पोचलात?"

नलिनीने ते मोठ्याने वाचलं आणि पदर तोंडाला लावून हसत बसली. "चोरी करायची तर चोरासारखी करावी," असं तिचं म्हणणं.

वाचलं आहे, बाई. आलं त्याच दिवशी वाचायला घेतलं आणि त्या आठवड्यात संपवलं. मग परत एकदा वाचलं. व्यापबीप काही नाही. लिहायला धीर होत नव्हता.

त्याबद्दल लिहिण्याआधी ऑफिसातली एक गोष्ट तुमच्या कानावर घालायला हवी. तुमच्यानंतर संपादकीय संचालकाची खोली रिकामीच होती. वडिलांच्या, मार्तंडरावांच्या मागे देवव्रतने प्रकाशनसंस्था हातात घेतली खरी, पण कुठलं पुस्तक निघणार आणि कुठलं नाही, यावर शेवटचा शब्द कुणाचा, ते ठरलंच नव्हतं. मी काम करत होतो, सही तो करत होता. मागच्या सोमवारी त्याने मला बोलावलं. तुमचं हस्तलिखित आल्याचं त्याला कळलं होतं आणि त्याचा चेहरा फुलला होता.

"घाडी, बसा. पाडव्याला कार्यक्रम करू या. मुलुंडचं नाट्यगृह धरतो. बाईंच्या आठवणींचं प्रकाशन, आणि त्याच स्टेजवर तुमचं नाव जाहीर. एडिटोरियल डिरेक्टर. कसं?"

मी म्हटलं, "तुम्ही वाचलंत?"

"मी कशाला वाचू? तुम्ही आहात ना. आणि खरं सांगू का, बाईंचं नाव पुरेसं आहे, यार. चाळीस वर्षांतले सगळे लेखक येतील. आपलं नाव आत आहे का ते बघायला तरी येतील."

तो वाईट माणूस नाही हे तुम्ही मला कितीदा सांगितलंत. मलाही ते पटतं. माझ्या नावाची कार्डं त्याने नमुन्यासाठी छापूनसुद्धा आणली होती. ती हातात घेतली तेव्हा मला माझ्या गावच्या शाळेची आठवण झाली. एका खोलीत चार वर्ग, आणि गुरुजी एकाला गणित घालून दुसऱ्याला कविता म्हणायला लावायचे. तिथून उठून आलेल्या माणसाचं नाव अशा कार्डावर यावं, ही देवाची कृपा म्हणायची आणि तुमची मेहनत. खोटं कशाला सांगू, बाई, मला ते पद हवं आहे. तुम्ही ज्या खोलीत बसून काम केलंत, तिथे बसून तसं काम करून बघायची इच्छा आहे. कार्डं मी देवाऱ्यासमोर ठेवली, पण कुंकू लावलं नाही. कुंकू लावावं असा मनाचा कौल होईना.

एक आठवण सांगतो. ती तुमचीच आहे, पण मी कडेला उभा होतो.

मी नवीन होतो. तुम्ही म्हणालात, "चला, ट्रॉम्बेला जायचंय." तिथल्या वसाहतीत एक गृहस्थ राहत, अणुकेंद्रातून निवृत्त झालेले. त्यांनी आपल्या गावावर मोठी कादंबरी लिहिली होती आणि ती आपण घेणार नव्हतो. मला वाटलं होतं, अशा वेळी एक छापील पत्र जातं: आपल्या लेखनाबद्दल आभार, सध्या आमच्या योजनेत बसत नाही. तुम्ही हस्तलिखिताचं जुनं, मळलेलं वेष्टन काढलंत, नव्या तपकिरी कागदात ते बांधलंत आणि माझ्या हातात दिलंत. बसमध्ये मी विचारलं, "बाई, पोस्टाने का नाही?"

तुम्ही म्हणालात, "होकार फोनवर दिला तरी चालतो. होकार कसाही आला तरी गोडच लागतो. नकार मात्र पायी न्यायचा. त्या माणसाची वर्षं गेलीत यात. आपली निदान एक दुपार जायला नको?"

त्यांच्या बायकोने साबुदाण्याचे वडे केले होते. तुम्ही समोर ठेवलेलं सगळं खाल्लंत. ते स्वतः विचारेपर्यंत पुस्तकाचा विषय काढला नाहीत. मग त्यांनी विचारलं, आणि तुम्ही आडवळण न घेता 'नाही' म्हणालात. का नाही तेही सांगितलंत. आणि शेवटी म्हणालात, "पण विहिरीवर बायका पाणी भरताना गप्प होतात, ते पान माझ्याबरोबर राहील." ते गृहस्थ उठले. मग पायात चपला सरकवून आपल्याला बसस्टॉपपर्यंत पोचवायला आले. ज्यांचं पुस्तक नाकारलं ते आपल्याला पोचवायला येतात, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. परतीच्या वाटेवर तुम्ही एकच वाक्य बोललात. "वडे जड होते हो, घाडी."

आमच्या गावात देवळात गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराण्याचा. वडील देवापुढे उभे राहून साऱ्या गावाच्या वतीने मागणं मागायचे, "बा देवा म्हाराजा", आणि मागून सगळे म्हणायचे, "व्हय म्हाराजा". वडिलांनी त्यात स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही. मागायचं नसतंच. तुम्हाला काम करताना बघितलं की मला वडील आठवायचे. हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

हस्तलिखिताबद्दल पुढच्या पत्रात लिहितो.

आपला,
चंद्रप्रकाश


मुलुंड कॉलनी,
१६ फेब्रुवारी २०२५

आदरणीय बाई,

तुमचं दुसरं कार्ड. "आठवणी माझ्या मी लिहिल्या आहेत, तुम्ही लिहू नका. होय की नाही, एवढंच कळवा."

एवढंच कळवणं जड जातं आहे.

तुमच्यानंतर रेवती आली. तिला तुम्ही पाहिलेलं नाही. तिशीची आहे, झपाट्याने वाचते, फटकळ आहे. दुसरं मत हवं म्हणून, लेखकाचं नाव न सांगता, मी तुमची पहिली पाच प्रकरणं तिला वाचायला दिली. तिने दोन दिवसांत परत आणून दिली.

"सर, खरं सांगू का बरं सांगू?"

"खरं सांग."

"भाषा एकदम झकास. एक शब्द इकडचा तिकडे करता येणार नाही. पण सर, मला झोप आली ना. सगळे लेखक चांगले, सगळी पुस्तकं चांगली, आणि लिहिणारी बाई कुठे आहे तेच कळत नाही. जणू खोलीत दिवा लावून ठेवलाय आणि माणूस बाहेर गेलंय. कोणाचं आहे हे?"

मी सांगितलं. ती खुर्चीत बसली. "वाट लागली," म्हणाली. मग जरा वेळाने, "सर, मी मेल करते ना त्यांना. छान शब्दांत. तुम्हाला काही बोलावं लागणार नाही."

हे वाचून तुम्हाला वाईट वाटलं असेल. मी ते गाळणार होतो. पण गाळून लिहिलेलं तुम्हाला लगेच कळतं, हे गोवंडीच्या वेळी दिसलंच.

मध्यंतरी मी एक प्रयत्न करून पाहिला. म्हटलं, आपण हे सुधारू. थोडं काढू, थोडं मागे-पुढे करू. पेन्सिल घेऊन बसलो. बाई, पेन्सिल कुठे टेकवावी ते कळेना. काढण्याजोगं एकही वाक्य नाही. तुम्ही आयुष्यभर दुसऱ्यांच्या लिखाणावर जेवढी नजर ठेवलीत, तेवढी स्वतःच्या लिखाणावर ठेवली आहे. कुणाला लागेल असं काही नाही, कुणाचं उणं दाखवणारं काही नाही. कुठल्या लेखकाने तुम्हाला रडवलं, कुणी तुमच्या कामावर आपलं नाव लावलं, हे मी जवळून बघितलं आहे. त्यातलं काहीच आलेलं नाही. चाळीस वर्षं तुम्ही लेखकांना सांभाळलंत, त्यांना पुस्तकातही सांभाळतच आहात.

म्हणजे मी आत्ताच सगळं लिहून टाकलं की. पण हे उत्तर नव्हे. उत्तर असं पत्रातून द्यायचं नसतं, हे तुम्हीच शिकवलंत. आणि घरी यायची तर बंदी आहे. म्हणून मी हे पत्र लिहितो आहे, पुढचंही लिहीन, आणि ही पत्रं मला काही सोडवणार नाहीत हेही कळतं.

नलिनीने काल ऐकवलं. "बोरिवली काय दुबईत आहे? मधे एक डोंगर, त्याला वळसा घालून बस जाते. पत्रं काय लिहितोस बसून."

मी म्हटलं, "येऊ नका म्हणाल्यात त्या."

"येऊ नका विचारायला, असं म्हणाल्यात. तू विचारायला कुठे चाललायस? तू सांगायला चाललायस."

रोज सकाळी स्टेशनकडे जाताना वाटेत मारुतीचं देऊळ लागतं. तिथे दोन मिनिटं उभा राहतो. एरवी काही मागत नाही. या आठवड्यात मागितलं: माझ्यावर हे येऊ देऊ नकोस. मग लाज वाटली. गाऱ्हाणं घालणाऱ्याच्या पोराने पहिल्यांदा मागितलं, तेही असं.

देवव्रतने नाट्यगृह धरलं आहे.

आपला,
चंद्रप्रकाश


घाटकोपर, ऑफिसातून,
१९ मार्च २०२५

आदरणीय बाई,

आज देवव्रतला सांगितलं.

तो निमंत्रणपत्रिकेचा मजकूर दाखवायला आला होता. तुमचा फोटो, खाली माझं नाव. मी म्हटलं, "हे पुस्तक मी घेणार नाही."

त्याला वाटलं मी चेष्टा करतो आहे. "बाईंचं?"

"हो."

"घाडी, तुम्हाला कळतंय ना तुम्ही काय बोलताय? बाईंनी तुम्हाला घडवलं."

"म्हणूनच."

"अहो पण छापू या ना. एक आवृत्ती. लोक घरी नेतील, कपाटात ठेवतील. कुणाचं काय बिघडतंय?"

मी म्हटलं, "बाईंचं बिघडतं. त्यांनी दुसऱ्या कुणाचं हे पुस्तक घेतलं नसतं. आपण त्यांचं म्हणून घेतलं, तर त्यांनी आजवर ज्यांना ज्यांना नकार दिला, त्या सगळ्यांना फसवल्यासारखं होईल."

तो उठून खिडकीशी गेला. पाठ करूनच म्हणाला, "मग पाडव्याचं रद्द. सगळंच रद्द. तुमचं नंतर बघू." आणि दारातून वळून, "मला वाटलं होतं तुम्हाला ती खुर्ची हवीय."

हवी होती. हवी आहे. पण तुमच्या पुस्तकाला 'हो' म्हणून त्या खुर्चीत बसलो असतो, तर पहिल्याच दिवशी खुर्ची रिकामी झाली असती. मी तिथे दिसलो असतो एवढंच.

तो गेल्यावर रेवती माझ्या टेबलाशी आली. चहाचा कप ठेवून गेली. ती स्वतः चहा कुणाला देत नाही, मशीनकडे बोट दाखवते.

बाई, रविवारी दुपारी मी येतो आहे. तुम्ही घातलेली अट मोडून येतो आहे. पत्र त्याआधी पोचलं तर दार उघडायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी विचारायला येत नाही.

नवा तपकिरी कागद आणला आहे.

आपला,
चंद्रप्रकाश


मुलुंड कॉलनी,
२५ मार्च २०२५

आदरणीय बाई,

जे तुमच्यासमोर घडलं तेच तुम्हाला लिहितो आहे, म्हणजे गंमतच. पण तिथे मला बोलता आलं नाही. माझ्या बाजूने ते कसं दिसलं, ते तुमच्यापाशी असावं.

ठाण्याहून घोडबंदरच्या रस्त्याने बसने आलो. सगळा रस्ता खणून ठेवला आहे. डोंगराखालून बोगदा होणार, मुलुंड-ठाण्याकडून बोरिवली जवळ येणार, असं शेजारचा प्रवासी सांगत होता. मला वाटलं, बरं झालं अजून झाला नाही. हे अंतर लवकर संपायला नको होतं. पार्सल मांडीवर होतं. ते खाली ठेवायला जीव होईना.

दार तुम्ही उघडलंत. तुम्ही आधी माझ्या तोंडाकडे बघितलं नाही, हातांकडे बघितलंत. नवा कागद बघितलात. पत्रातून कळलं होतं, तरी ते खरं तुम्हाला तिथेच कळलं, आणि तुम्हाला कळलं हे मला कळलं. एक क्षण तुमचा हात दाराच्या कडीवर तसाच राहिला. मग म्हणालात, "या. उन्हातून आलात. कोकम घेणार ना?"

मधुवंतीताई सोफ्यावर बसल्या होत्या. तुमच्या थोरल्या बहिणीला ऐकू कमी येतं, त्यामुळे त्या सगळं मोठ्याने बोलतात हे मी विसरलोच होतो. माझ्या मांडीवरचं पार्सल बघून त्यांचा चेहरा उजळला आणि त्यांनी तुम्हाला हाक मारली.

"इरू, छापून आणलं का गं पुस्तक?"

बाई, मी नोकरीत बरंच ऐकून घेतलं आहे. पण त्या वेळी जमीन फाटावी असं वाटलं. तुम्ही स्वयंपाकघरातून शांतपणे, पण त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात, "नाही गं ताई. परत आणलंय."

"परत? का?"

"मी नेत असे ना परत, तसं."

ताई माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पण हिने रोज पहाटे उठून लिहिलंय हो." त्या रागाने नव्हत्या बोलल्या, मला माहिती दिली एवढंच.

तुम्ही कोकम आणलंत, पोहे आणलेत, नारळाची वडी आणलीत. मी सगळं खाल्लं. विषय काढला नाही. तुम्ही श्रुतिकाची चौकशी केलीत, नलिनीची केलीत. देवव्रतची केलीत तेव्हा "तब्येत बरी आहे का त्याची" एवढंच विचारलंत. खुर्चीचं पत्रात वाचलं होतं तुम्ही, पण त्यावर अवाक्षर नाही. मला वाटू लागलं, तुम्ही पुस्तकाचं विचारणारच नाही. लेखकाला न विचारण्याचाही हक्क आहे, असं तुम्ही एकदा म्हणाला होता.

ताई आत गेल्यावर तुम्ही विचारलंत. "बोला, घाडी."

मी सांगितलं. तुम्ही ट्रॉम्बेला सांगितलं होतं तसं सांगायचा प्रयत्न केला. जमलं नाही तितकंसं. तुम्ही टेबलावरचं पार्सल बोटांनी सरळ करत होता, ते सरळच होतं तरी.

मग तुम्ही म्हणालात, "मला वाटलं होतं तुम्ही छापाल."

मी म्हटलं, "मलाही तसंच वाटलं होतं."

बाई, त्या वेळी तुमच्या डोळ्यांत पाणी आलं. तुम्ही ते लपवलं नाहीत आणि पुसलंही नाहीत. एवढ्या वर्षांत मी ते पहिल्यांदा बघितलं. जितक्या घरांतून आपण असं पाणी बघून परतलो, त्यातल्या कुठल्याही घरी मला इतकं छोटं वाटलं नव्हतं.

आणि मग तुम्ही विचारलंत, "कुठलं पान राहिलं?"

दुसरा कुणी लेखक हे विचारू शकला नसता, कारण त्याला माहीत नसतं की आपण एक पान बरोबर ठेवतो. मी म्हटलं, "गोवंडीचं."

त्या बालवाडीच्या शिक्षिका. तुम्ही त्यांच्या कविता परत घेऊन गेलात. त्यांनी तुम्हाला दारात बघितलं आणि हसून म्हणाल्या, "बाई, तुम्ही स्वतः आलात, म्हणजे नाही ना?" आणि परत निघताना तुम्ही त्या चाळीच्या जिन्यावर बसलात. लोक जा-ये करत होते. तुम्ही लिहिलं आहे, 'मी चुकले असेन असं तेव्हा वाटलं, आणि आजही कधी कधी वाटतं.' त्या सबंध पुस्तकात तुम्ही त्या एका जिन्यावर आहात. बाकी कुठे नाही.

तुम्ही म्हणालात, "ते मी काढून टाकणार होते. शोभत नव्हतं म्हणून. काढायचं राहून गेलं."

 

मी उठलो तर तुम्हीही चपला घातल्यात. मी नको नको म्हणत होतो. तुम्ही गुडघा धरून घराचा जिना उतरलात आणि बसस्टॉपपर्यंत आलात. बस दिसल्यावर म्हणालात, "पोहे जड झाले का?"

मी म्हटलं, "थोडे."

"मलाही," म्हणालात, आणि वळून गेलात.

बस निघाल्यावर मी मागच्या काचेतून बघत होतो. तुम्ही मागे बघितलं नाहीत. मी माणसं ओळखतो असा माझा दावा नाही. पण ज्यांच्या हाती आयुष्यभर इतरांच्या पुस्तकांचा निकाल होता, त्यांनी स्वतःच्या पुस्तकाचा निकाल असा घ्यावा, हे मी बघितलं. मी घ्यायला गेलो नव्हतो काही, पण घेऊनच आलो.

तुम्ही पत्र लिहाल अशी अपेक्षा नाही. फोन तर नाहीच.

आपला,
चंद्रप्रकाश


मुलुंड कॉलनी,
रामनवमी, ६ एप्रिल २०२५

आदरणीय बाई,

पाडवा आला आणि गेला. नाट्यगृहात दुसऱ्या कुणाचा तरी कार्यक्रम झाला. ऑफिसात माझ्याशी सगळे जरा हळू आवाजात बोलत होते, घरात आजारी माणूस असल्यासारखे. मी माझी पुस्तकं वाचत होतो. रेवतीने मात्र एक काम केलं. मढला एक कोळी शिक्षक राहतात. त्यांच्या कथा आम्ही घेऊ शकलो नाही. ती मला न विचारता वर्सोव्याहून बोटीने पलीकडे गेली आणि स्वतः परत देऊन आली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "सर, त्यांनी मला सुकट दिली बांधून. नकार द्यायला गेले आणि सुकट घेऊन आले. असं असतं होय हे?" मी म्हटलं, असंच असतं.

शुक्रवारी देवव्रत माझ्या टेबलाशी आला. तो कधी टेबलाशी येत नाही, बोलावून घेतो. हातात मोबाईल होता आणि चेहरा गोंधळलेला.

"घाडी, बाईंचा फोन आला होता. मला. दोन वर्षांत पहिल्यांदा."

मी उभा राहिलो.

"मला वाटलं आता झापणार. पुस्तक का नाही घेतलं म्हणून. तर म्हणाल्या, 'देवव्रत, घाडींच्या नेमणुकीला माझा होकार आहे.' एवढंच. मी म्हटलं, बाई, तुम्हाला कुणी विचारलं होतं का? तर म्हणाल्या, 'नाही. म्हणून तर फोन केला.' आणि ठेवून दिला. याचा अर्थ काय?"

मी सांगू शकलो असतो. पण समोरचे कागद नीट लावत राहिलो. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्यालाच काय वाटलं कोण जाणे, म्हणाला, "ठीक आहे. कार्डं छापलेलीच आहेत. सोमवारपासून आत बसा. आणि त्या ट्यूबलाइटचं काहीतरी करून घ्या, फडफडते."

उद्या सोमवार. आज सकाळी देवाऱ्यासमोर कार्ड ठेवलं आणि कुंकू लावलं. श्रुतिकाने विचारलं, "बाबा, आता पण गोष्टीच वाचणार ना?" नलिनी म्हणाली, "आता इतरांना वाचायला लावणार."

बाई, आभार मानायचे तर तुम्हाला ते आवडत नाहीत. म्हणून एक मागणं मागतो. घराण्याचा मान आहे, मागता येतं मला थोडंफार. गोवंडीच्या त्या जिन्यावरून पुढे लिहा. तिथे बसून काय काय आठवलं ते. शोभेल न शोभेल याचा विचार करू नका. ते काम आता माझं आहे.

लिहून झालं की पाठवा. पुन्हा नाही म्हणायची वेळ आली, तर मी डोंगराला वळसा घालून येईन आणि समोर येईल ते सगळं खाईन. पण माझ्या मनात तसं नाही.

तेव्हा एवढंच करा, बाई. फोन वाजला तर उचला.

आपला,
चंद्रप्रकाश